घरातलं उदाहरण

आमच्या शाळेत नागरिकशास्त्र हा विषय नव्हताच, इतिहासाच्या पुस्तकाला मागून लावलेलं ठिगळ होतं. लढाया, तह आणि किल्ले यांतच वर्ष सरायचं. परीक्षा तोंडावर आली की सर म्हणायचे, "नागरिकशास्त्र घरी वाचा, सोपं आहे." आम्ही ते घरी वाचायचो नाही आणि ते सोपंही नव्हतं. हक्क, कर्तव्य, समता, न्याय, रूढी, कायदा असे शब्द लग्नातल्या वऱ्हाडासारखे ओळीनं बसलेले असायचे. सगळ्यांना नमस्कार करायचा, पण कोण कुणाचं ते विचारायचं नाही.

नववीत बाई आल्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या रोज कोल्हापुरातून एसटीनं हुपरीला यायच्या. उंची बेताची आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरंही गप्प बसायची. पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक मागून उघडलं आणि आम्हाला वाटलं, नवीन आहेत, चुकल्या असतील. पण त्या चुकल्या नव्हत्या.

"व्याख्या पाठ करून आलात तर उभं करीन," त्या म्हणाल्या. "मला प्रत्येक शब्दाचं घरातलं उदाहरण पाहिजे. दिल्लीतलं नको, मुंबईतलं नको. तुमच्या घरातलं आणा."

आता हुपरीतलं घर म्हणजे अर्धं घर आणि अर्धा कारखाना. पुढच्या सोप्यात चांदीची तार ओढायचं, पैंजणाच्या कड्या जोडायचं, घुंगरं लावायचं काम चाललेलं असायचं आणि मागे चूल. अशा घरात समता नि न्याय कुठं सापडायचे? पण बाई सोडतील तर ना. समतेच्या तासाला माझ्या बाकावरची मैत्रीण उठली आणि म्हणाली, "आमच्यात समता हाय बाई. भावाला आणि मला अप्पा एकाच पट्ट्यानं मारत्यात."

वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. "मार खायला समता आहे. जेवायला बसताना आहे का?"

तिनं डोकं खाजवलं. "भाऊ आधी बसतंय."

"मग अर्धी समता, असं लिही."

दुसऱ्या दिवशी कायदा आणि रूढी यांतला फरक आला. मी हात वर केला आणि म्हणाले, "कायदा मोडला की पोलीस येतो, रूढी मोडली की आत्या येती." या वेळी बाई इतक्या मोठ्यांदा हसल्या की खडू खाली पडला. वर्गात माझ्यामुळे कुणी हसण्याची ती पहिलीच खेप होती. त्या दिवसापासून मी या विषयाची झाले, ती आजतागायत.

त्याच महिन्यात मामा आमच्या घरी येऊन गेला होता. माझ्या आईचं माहेर कागलजवळच्या एका गावात. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. आमचा मुलूख कर्नाटकाच्या हद्दीचा, त्यामुळे घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेल्या. अव्वाला एक मोठा भाऊ, म्हणजे मामा, आणि एक धाकटी बहीण, म्हणजे मावशी. आदल्या उन्हाळ्यात आज्जा गेला आणि वारस म्हणून तिघांचीही नावं सातबाऱ्यावर चढली. एरवी त्याचं कुणाला काही पडलं नसतं. पण तिकडे पंचतारांकित एमआयडीसी येऊ घातली होती, रस्ते आखले जात होते आणि काल-परवापर्यंत फक्त भुईमूग पिकवणाऱ्या जमिनीकडे लोक मोटारीतून उतरून बघायला लागले होते. साहजिकच मामाला बहिणींची आठवण झाली.

येताना त्यानं पेरू आणले होते. चहा पिता पिता म्हणाला, "नागपंचमीला न्यायला मूळ धाडतो. दोघी बी या. माघारी जाता जाता कागलात सह्या करून टाकू."

याला आमच्याकडे हक्कसोड म्हणतात. वडिलांच्या माघारी लेकीचंही नाव जमिनीला लागतं आणि लेकीनं ते भावासाठी सोडायचं. भाऊ तिला साडीचोळी करतो, पुरणपोळीचं जेवण घालतो आणि सगळीकडे सांगतो की बहीण सोन्यासारखी आहे. सही केली नाही तर ती सोन्यासारखी राहत नाही. इतका साधा हिशेब होता आणि तो मोडल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

त्या आठवड्यात बाईंनी दोन शब्द दिले होते, हक्क आणि कर्तव्य. हक्काला मला काही सापडेना. कर्तव्याला मात्र झकास सापडलं. मी लिहिलं, "माझी आई पंचमीला मामासाठी आपला हक्क सोडणार आहे. हे बहिणीचं कर्तव्य आहे." एका उदाहरणात दोन्ही शब्द बसले म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

बाईंनी ते वाचलं. परत वाचलं.

"हे कर्तव्याखाली का लिहिलंस?"

"सगळ्याच बायका करत्यात, बाई."

"सगळ्या करतात म्हणून करायचं, त्याला आपण काय म्हणतो? तूच सांगितलं होतंस."

"रूढी," मी पुटपुटले.

"आत्या येते ती," बाई म्हणाल्या आणि वर्ग हसला. मग त्या माझ्या बाकाजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आईला विचारलंस का, तुला काय पाहिजे म्हणून?"

मला प्रश्नच कळला नाही. आईला काय पाहिजे म्हणजे काय? आईला सगळ्यांचं जेवण वेळेवर झालेलं पाहिजे असतं, आणखी काय?

"विचारून ये," बाई म्हणाल्या. "तिला काही शिकवू नकोस, सांगू नकोस. नुसतं विचार. ती म्हणेल ते खरं."

संध्याकाळी अव्वा सोप्यात कामाला बसली होती. समोर दिवा आणि तोंडात फुंकणी. फुंकून ज्योत कडीच्या सांध्यावर न्यायची आणि सांधा जुळला की पुढची कडी. फुंकणी तोंडात असली की बोलता येत नाही आणि श्वास चुकला तर चांदी वितळून थेंब होते. मी शेजारी बसले आणि विचारलं, "अव्वा, मामाच्या जमिनीतलं तुला काय पाहिजे?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तो पैंजण संपवला. दुसरा घेतला, तोही संपवला. मला वाटलं, तिनं ऐकलंच नाही. अखेर तिनं फुंकणी खाली ठेवली, तोंड पुसलं आणि विचारलं, "भाकरी खाल्लीस का?"

उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, माझी वेणी घालताना. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषांसारखं मी जातो, मी येतो असंच म्हणतात, अव्वाही तसंच म्हणायची.

"रातभर इचार केला," ती म्हणाली. "इतक्या वर्सांत ह्ये मला कुणी इचारलंच न्हाई. जमीन घिऊन मी काय करतो? मी काय नांगर धरणार हाय? पर पंचमीला उंबऱ्यात बसून वाट बघायची, मूळ येतंय का न्हाई, ते मला नको झालंय."

मूळ म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. मूळ आल्याशिवाय लेकीनं माहेरी जायचं नाही अशी रीत. मला एक पंचमी आठवते. अव्वानं सकाळीच पिशवी भरली होती. दिवसभर काम करता करता ती रस्त्याकडे बघत राहिली. मूळ आलं नाही. दिवेलागणीला तिनं पिशवीतली साडी काढून परत ट्रंकेत ठेवली आणि घडी जराही विस्कटू दिली नाही. मी तेव्हा लहान होते, तरी ती घडी माझ्या लक्षात राहिली.

"हिरीकडचा तुकडा हाय बघ, जांभळाच्या झाडाचा," अव्वा म्हणाली. "तेवढ्यावर माझं नाव ऱ्हाऊ दे. बाकी मोठा गट सगळा दादाचा. मला माझ्या बाच्या रानात जायाला मूळ लागू नये, एवढंच पाहिजे." आणि वेणी इतकी ओढून बांधली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी हे बाईंना मधल्या सुट्टीत सांगितलं. त्यांनी माझी वही पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, "हे हक्काखाली लिही." आणि एवढंच सांगितलं की सही घ्यायच्या आधी नोंदणी कचेरीतले साहेब विचारतात, खुशीनं देताय ना? ते विचारणं नुसतं रिवाजाचं नसतं. तिथं जे उत्तर द्यावं ते धरलं जातं.

अप्पांना, म्हणजे वडिलांना, अव्वानं सगळं सांगितलं. अप्पा मुळात कमी बोलणारे. "तुझं माहेर, तुझा भाऊ," ते म्हणाले. "मी मधी पडणार न्हाई. पर जीपमधी जागा असली तर येतो." पंचमीला मामानं धाडलेल्या जीपमध्ये जागा नव्हती. अप्पा मागे लटकून आले.

कागलच्या त्या कचेरीत लाकडी बाक होतं. मामा पांढरी टोपी घालून, मावशी नवा चुडा भरून आणि अव्वा नेहमीच्या निळ्या साडीत. मावशीनं सही केली. मामानं तिच्या हातात साडी ठेवली. मग अव्वाची पाळी आली. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "खुशीनं देताय न्हवं, अक्का?"

"मोठा गट खुशीनं," अव्वा म्हणाली. "हिरीकडचा न्हाई."

साहेबांनी मान वर केली.

मामाला आधी वाटलं, बहीण थट्टा करते आहे. "काय म्हंतीस?"

"मोठा गट सगळा तुझा, दादा. हसत सही करतो मी. हिरीकडचा तुकडा दोघांच्या नावावर ऱ्हाऊ दे."

"त्या तुकड्यापायी माहेर तोडतीस? लोकं काय म्हणतील?"

"मला माहेर पाहिजे म्हणूनच म्हंतोय की."

मामाला ते कळलं नाही. त्याचाही सगळा दोष नव्हता. त्याच्या आयुष्यात कुठल्याच बहिणीनं असं म्हटलं नव्हतं आणि तो तुकडा नेमका नव्यानं आखलेल्या रस्त्याला लागून होता. साहेब शांतपणे म्हणाले, "कागद दुरुस्त करून आणा मग." कागद दुरुस्त झाला, पुढं एक दिवस अव्वानं मोठ्या गटाची सही केली, पण तेव्हा मामा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. अव्वासाठी आणलेली साडी पंचमीच्या दिवशी जीपच्या सीटवरच राहिली होती. आम्ही एसटीनं परत आलो आणि अप्पांनी सगळ्यांना खिडकीची जागा मिळवून दिली.

त्यानंतर मूळ यायचं बंद झालं. भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. शेजारणीनं अव्वाला तसं सुचवलं. "चंद्राला कशाला?" अव्वा म्हणाली. "मला भाऊ हाय की." तिनं पाट मांडला, निरांजन लावलं आणि रिकाम्या पाटासमोर ते आपोआप विझेपर्यंत बसून राहिली. मला मामाचा इतका राग आला होता की मी त्याचं नाव घेईना. अव्वाला आला नव्हता. तिला नुसतं वाईट वाटत होतं, आणि ते जास्त अवघड असतं.

पण पुढची पंचमी आली तेव्हा तिनं पिशवी भरली आणि ती उंबऱ्यात बसली नाही. मला बरोबर घेतलं, एसटी पकडली, फाट्यावर उतरलो आणि बांधाबांधानं चालत थेट जांभळाखाली. घराकडे ती वळलीसुद्धा नाही. पिशवीतून दोर काढला आणि जांभळाला झोका बांधला. पंचमीला माहेरवाशिणी झोका घेतात, पण घोळक्यात. माझी आई एकटीच झोक्यावर बसली, पायानं माती ढकलली आणि उंच गेली. तिला मी त्याआधी कधी असं खेळताना पाहिलं नव्हतं. ती हसत होती. मला इतकं बरं वाटलं की मी विहिरीत खडे टाकत बसले, तिच्याकडे बघितलं तर रडू येईल म्हणून.

थोड्या वेळानं बांधावरून मामी आली. मामाची बायको. हातात ताकाची कळशी आणि पदराला धरून तिची लहान मुलगी.

"बोलवाय आलेलो न्हाई मी," मामी आधीच म्हणाली. "घरात ताक जास्त झालतं."

"असू दे की," अव्वा म्हणाली.

मामीनंही तिच्या भावांसाठी सही केलेली. ती झोक्याकडे बघत उभी राहिली. अव्वा उठली आणि म्हणाली, "बस." मामी इकडे तिकडे बघून बसली. तिची मुलगी झाडाखाली बसलेल्या अव्वाच्या मांडीवर येऊन ताक पिऊ लागली. दर पंचमीला मामीकडे ताक जास्त होत राहिलं.

वर्षं गेली. मी कोल्हापुरात शिकले आणि पुढं कळंब्याकडच्या एका शाळेत लागले. विषय कोणता, ते सांगायला नकोच. माझ्या वर्गातही घरातलं उदाहरण लागतं आणि पालक अधूनमधून तक्रार करायला येतात, म्हणजे काम बरं चाललंय. बाई निवृत्त होऊन मुलाकडे दूर राहायला गेल्या. त्यांना एकदा भेटून सांगायचं होतं, ते राहून गेलं. आभार मानायचे असतील तर वेळेवर मानावेत, हे मी आता पोरांना विषयाबाहेरचं म्हणून सांगते.

मधल्या काळात कायदाही बदलला. मुलीचा वाटा जन्मापासूनच मुलाच्या बरोबरीनं धरला जाऊ लागला. वर्गात शिकवताना मला वाटायचं, आता तरी कचेरीतल्या बाकावरची बहिणींची रांग संपेल. संपली कुठली, उलट भाऊ जास्त घाई करायला लागले.

दोन हजार पंधरा सालानंतरची एक पंचमी. मी हुपरीला गेले होते. मी लग्नानंतरही मनात येईल तेव्हा हुपरीला टपकते, आमच्या घरात कुणी मुळाची वाट बघत नाही. सकाळी दारात मामा उभा. टोपी तीच, पण माणूस वाळलेला. इतक्या वर्षांनी त्याला उंबऱ्यात बघून मी आधी अव्वाला हाक मारली.

"मूळ आलोय," तो अव्वाला म्हणाला.

"मला कुठं मूळ लागतंय?" अव्वा म्हणाली. "मी दुपारच्या गाडीनं येणारच हाय की." पण हे म्हणताना तिनं पाण्याचा तांब्या दोनदा भरला.

मामा बसला. पाणी प्याला. भिंतीकडे बघत बोलायला लागला. त्याच्या मुलीचं, त्या ताक पिणाऱ्या मुलीचं, लग्न होऊन काही वर्षं झाली होती. पंचमीला ती आली होती आणि मामाची पोरं म्हणत होती की तिनं आता हक्कसोडीची सही करून टाकावी.

"पोरगी कायच बोलत न्हाई," मामा म्हणाला. "माझ्याकडं बघती आणि खाली बघती. तुझ्यासारखंच बघती. मी त्या दिवशी तुझ्याकडं बघितलंच न्हवतं, आता दिसालंय." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मी सांगितलं तर पोरं म्हणतील म्हातारा फिरला. तू सांग तिला. सही करू नको म्हणावं."

"मी न्हाई सांगणार," अव्वा म्हणाली.

मामाचा चेहरा उतरला.

"मी इचारणार. तुला काय पाहिजे, एवढंच. ती म्हणंल ते खरं."

मी शेंगा सोलत होते, त्या तशाच हातात राहिल्या. बाईंचा प्रश्न मी अव्वापर्यंत नेला होता, पण त्यांनी मला दिलेली ताकीद, सांगू नकोस, नुसतं विचार, ही मी तिला कधीच सांगितली नव्हती. ते तिचं तिनंच शोधलं होतं.

अव्वा आत गेली आणि निळी साडी नेसून आली. मामा उंबऱ्यात थांबला होता. "दादा, हो पुढं," ती म्हणाली आणि भावाच्या मागं मागं स्टँडकडं निघाली. मूळ लागत नाही म्हणणारी माझी आई इतकी भराभर चालत होती की मामाला पाय उचलावे लागत होते. रूढी मोडली की आत्या येते म्हणतात, ही आत्या ती मोडायला निघाली होती.

संध्याकाळी ती परतली तेव्हा पाय चिखलानं भरलेले. मी विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

अव्वा पायरीवर बसून पाय धूत होती. "झोक्यावर बसवलं तिला आणि इचारलं. दोन झोकं घेतलं तिनं. मग म्हणाली, आत्या, ह्ये मला कुणी इचारलंच न्हवतं."

"मग? सही?"

"रातभर इचार करू दे की तिला. मी न्हाई का केलता? दादानं पोरांस्नी सांगितलंय, ती सांगंल तसं." तिनं तांब्या पालथा घातला, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू भाकरी खाल्लीस का?"